हिज्कीयाचा वल्हांडण आणि इस्राएलातील आजचे खमीर

(उपदेशाचा पाठ : २ इतिहास, अध्याय ३०, वचने १ ते २०)

हा पाठ आपल्या मंडळ्यांत फारसा वाचण्यात येत नाही. वल्हांडणाचा विषय निघाला म्हणजे आपले उपदेशक निर्गमाचा बारावा अध्याय उघडितात, आणि ते योग्यच आहे. कोकरू, दाराच्या चौकटीस लाविलेले रक्त, कंबर कसून व हातात काठी घेऊन घाईघाईने केलेले ते जेवण, हे सर्व तेथे आहे. परंतु त्या रात्रीनंतर कित्येक शतकांनी, हिज्कीया राजाच्या कारकीर्दीत यरुशलेमेत जो वल्हांडण झाला, तो जवळजवळ सर्व बाजूंनी नियमाबाहेरचा होता. पहिल्या महिन्यात व्हावयाचा तो दुसऱ्या महिन्यात झाला. कारण याजक पुरेशा संख्येने शुद्ध झाले नव्हते व लोकही जमले नव्हते. राजाने बैर-शेब्यापासून दानापर्यंत जासूद धाडिले, आणि उत्तरेकडील वंशांसही पत्रे लिहिली. हे उत्तरेकडील लोक यरुशलेमेच्या मंदिरापासून कित्येक पिढ्या तुटलेले होते. पुष्कळांनी जासुदांची थट्टा केली. आशेर, मनश्शे, जबुलून ह्यांतील काही मात्र नम्र होऊन आले. आणि आले ते तरी कसे? त्यांतील बहुतेक शुद्ध न होताच आले, आणि शास्त्रात ठरवून दिलेली रीत न पाळता वल्हांडणाचे जेवण जेवले.

आता राजाने काय करावे? केवळ नियमाकडे पाहिले तर अशा लोकांस पंक्तीतून उठवावयाचे. हिज्कीयाने तसे केले नाही. नियम गेला चुलीत, असेही तो म्हणाला नाही. त्याने त्या लोकांसाठी प्रार्थना केली, आणि परमेश्वराने ती ऐकिली. त्याच अध्यायात आणखी एक बारीकशी गोष्ट सांगितली आहे, ती वाचणाराच्या नजरेतून सहज निसटते. त्या दिवशी लाज वाटली ती कोणास? उशिरा आलेल्या अशुद्ध पाहुण्यांस वाटली असे लिहिलेले नाही. याजकांस व लेव्यांस वाटली असे लिहिले आहे.

हा अध्याय आम्हांस आज आठवण्याचे कारण असे की, ज्या यरुशलेमेत तो वल्हांडण झाला त्याच यरुशलेमेत आजही दर वसंत ऋतूत खमिराचा वाद उठतो. तेथील यहूदी लोकांत धर्मनियम कडकपणे पाळणारे आहेत, त्यांतील अत्यंत कडक अशांस हरेदी म्हणतात; मसोरती म्हणजे वाडवडिलांची चाल पुष्कळशी राखणारे आहेत; आणि हिलोनी म्हणजे ऐहिक वृत्तीचे, धर्मनियमांचे बंधन न मानणारे असेही पुष्कळ आहेत. हे सर्व एकाच राष्ट्राचे, पुष्कळदा एकाच घराचे. वाद हा की कोणी काय खावे, कोठे खावे, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा.

वाद समजण्यासाठी आधी नियम समजला पाहिजे. निर्गमात सांगितले आहे की सात दिवस इस्राएलाने खमीर खाऊ नये, इतकेच नव्हे, तर ते त्याच्या घरात सापडूही नये. कोशेर म्हणजे खाण्यास योग्य, ह्याविषयीचे इतर नियम खाण्यापुरते आहेत. डुकराचे मांस खाऊ नये, पण ते शेजाऱ्याच्या टोपलीत दिसले तर दोष नाही. खमिराची गोष्ट निराळी. ते खाऊ नये, ठेवू नये, आपल्या मालकीचे असू नये. गहू, जव, राय, ओट, आणि स्पेल्ट नावाचा गव्हाचाच एक जुना प्रकार, ह्या पाच धान्यांचे पीठ पाण्याने भिजले आणि अठरा मिनिटांच्या आत भाजले गेले नाही, तर ते खमीर झाले असे रब्बी मानितात. इतर निषिद्ध पदार्थाचा बारीक अंश चुकून मोठ्या भांड्यात पडला तर तो पुष्कळ प्रसंगी नाहीसा झाला असे धरितात. वल्हांडणाच्या आठवड्यात खमिराचा कणही तसा धरीत नाहीत. म्हणून धर्मशील यहूदी घरातील बायका सणापूर्वी कित्येक आठवडे फडताळे पुसतात, मुलांच्या खिशांतील चुरा झाडितात, रोजची भांडी बांधून ठेवून वल्हांडणाची निराळी भांडी काढितात. आदल्या रात्री घरधनी दिवा घेऊन कोपरे धुंडितो, आणि सकाळी जे सापडले ते जाळितो. आपल्याकडे दिवाळीच्या आधी घराची झाडलोट होते, ती पाहिलेल्या माणसास हा खटाटोप समजेल. मात्र येथे झाडलोटीला आज्ञेचे वजन आहे.

जे जाळणे परवडत नाही ते विकितात. दुकानदाराचे कोठार, कारखान्याचे पीठ, इतकेच काय, इस्राएल सरकारच्या मालकीचा धान्यसाठाही सणापूर्वी एका यहूदी नसलेल्या माणसास कागदोपत्री विकिला जातो आणि सण उलटला की परत येतो. यरुशलेमेजवळील अबू घोश गावचा एक अरब गृहस्थ इ. स. १९९७ पासून कित्येक वर्षे हा विकत घेणारा होता. आठवडाभर एवढ्या धान्याचा धनी होणे हा व्यवहार पाहून कोणास हसू येईल; परंतु विकणारे तो थट्टेने करीत नाहीत. सरकारचे मंत्री व मुख्य रब्बी त्यावर सह्या करितात.

कोशेराचे बाकीचे नियम लेवीयाच्या अकराव्या व अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात आहेत. खूर दुभंगलेले असून रवंथ करणारे जनावर खावे. पर व खवले असलेला मासा खावा. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा नियमशास्त्रात तीनदा आली आहे, आणि तिच्यावरून मांस व दूध एकत्र न करण्याची आणि दोहोंची भांडी निराळी ठेवण्याची रीत निघाली. असे घर चालविणे सोपे नव्हे. जे ते चालवितात त्यांची थट्टा करण्याचा आम्हांस अधिकार नाही. आपण प्रभूसाठी रोज इतकी अडचण सोसतो काय, हे आधी आपल्यास विचारावे.

थट्टा करणारे यहूदी लोकांतच पूर्वीपासून निघाले. अमेरिकेत सिन्सिनाटी शहरी ता. ११ जुलै १८८३ रोजी, तेथील यहूदी धर्मविद्यालयातून पहिले रब्बी तयार झाले त्या आनंदाप्रीत्यर्थ, मोठी मेजवानी झाली. तीत शिंपल्यांतील जीव, खेकडे, कोळंबी, बेडकांच्या तंगड्या, आणि मांसामागून दुधाचे गोड पदार्थ असे सर्व आले. डुकराचे मांस मात्र नव्हते. तेवढी भीड यजमानांस वाटली म्हणावयाची. काही पाहुणे रब्बी न जेवताच उठून गेले. दोन वर्षांनी, म्हणजे इ. स. १८८५ त, पिट्सबर्ग येथे सुधारक रब्बींनी आहाराचे नियम आता लागू नाहीत असे जाहीर केले, आणि पुढच्याच वर्षी जुन्या रीतीच्या बाजूच्या लोकांनी न्यूयॉर्कात आपले निराळे विद्यालय काढिले. एका जेवणामुळेच समाज दुभंगला असे म्हणणे बरोबर होणार नाही. भेग पूर्वीच पडली होती, ताटांनी ती सर्वांस दाखविली. ह्याहून पुढे जाणारेही होते. इ. स. १८९० च्या सुमारास लंडन व न्यूयॉर्क येथील काही धर्मविरोधी यहूदी तरुण प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे जेव्हा त्यांचे आईबाप सभास्थानात उपाशी प्रार्थना करीत तेव्हा, मुद्दाम मेजवान्या व नाच भरवीत. त्यांस भूक लागली होती म्हणून ते जेवले, असे कोण म्हणेल?

इस्राएल राष्ट्र इ. स. १९४८ त स्थापन झाले. त्याच्या आदल्या वर्षी दावीद बेन-गुरियोन ह्यांनी, जे स्वतः धर्मनियम पाळणारे नव्हते, धर्मनिष्ठांच्या पक्षास पत्राने जी आश्वासने दिली त्यांत एक हे होते की सरकारी स्वयंपाकघरांत अन्न कोशेर असेल. ह्या आश्वासनात एक न्याय होता, तो मान्य केला पाहिजे. एका सैन्यात धर्मशील शिपाई आणि ऐहिक शिपाई एकत्र जेवावयाचे तर चूल एकच हवी. कोशेर अन्न दोघेही खाऊ शकतात. कोशेर नसलेले एकच खाऊ शकतो. ज्याला दोन्ही चालतात त्याने थोडे सोडिले तर पंगत एक राहते. पौलाने रोमकरांस चौदाव्या अध्यायात जे लिहिले त्याच्या जवळचीच ही गोष्ट आहे.

परंतु स्वयंपाकघरातून नियम रस्त्यावर आला, तेव्हा तंटे वाढले. इ. स. १९६२ त डुकरे पाळण्यास बंदी करणारा कायदा झाला. नासरेथ व गालीलातील काही गावे, जेथे आपले अरब ख्रिस्ती बंधू राहतात, ती त्यातून वगळिली. पुढे इ. स. १९८९ नंतर सोवियेत रशियातून लाखो लोक इस्राएलात आले. सत्तर वर्षे जेथे धर्मशिक्षणाची गळचेपी झाली तेथून हे आलेले. त्यांतील पुष्कळांस डुकराचे मांस हे नेहमीचे अन्न वाटे. त्यांच्यासाठी दुकाने निघाली, नगरपालिकांनी ती बंद करविण्याचे ठराव केले, आणि इ. स. २००४ त सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरसकट बंदी न करिता त्या त्या वस्तीतील लोक कोण आहेत हे नगरपालिकेने पाहावे. कोशेराच्या प्रमाणपत्राचाही असाच वाद. इ. स. १९८३ च्या कायद्याने 'कोशेर' हा शब्द पाटीवर लिहिण्याची परवानगी देणे मुख्य रब्बींच्या कचेरीच्या हाती गेले. ज्या खाणावळीवर देखरेख करावयाची तिच्याच मालकाकडून देखरेख करणाऱ्याने वेतन घ्यावे, ही रीत पुष्कळांस खटकली. काही रब्बींसच ती खटकली, आणि त्यांनी निराळी देखरेख सुरू केली. इ. स. २०१७ त न्यायालयाने इतके मोकळे केले की, खाणावळीच्या मालकाने तो शब्द न वापरिता आपण काय पाळितो व कोण पाहतो हे खरेखरे सांगावे.

आता खमिराकडे येऊ. इ. स. १९८६ त क्नेसेटने, म्हणजे तेथील कायदेमंडळाने, असा कायदा केला की वल्हांडणाच्या दिवसांत यहूदी वस्तीत खमिराचे पदार्थ विक्रीसाठी उघड मांडू नयेत. सणात यहूदी अंमलदाराने दंडाची पावती लिहिणे हेच नियमाविरुद्ध पडते, म्हणून तपासनीस द्रूझ पंथाचे नेमीत! इ. स. २००८ त यरुशलेमेच्या एका न्यायाधीशाने निकाल दिला की दुकानाच्या किंवा खाणावळीच्या आतील जागा ही 'उघड' नव्हे. ह्यावर धर्मशील पक्ष फार रागावला.

खरा कडाका उडाला तो रुग्णालयांवरून. पुष्कळ रुग्णालयांच्या दारांत वल्हांडणाच्या दिवसांत पहारेकरी आत येणाऱ्यांच्या पिशव्या तपाशीत, आणि भाकर-पाव सापडला तर तो बाहेर ठेवावयास लावीत. आपण दोन्ही बाजूंनी उभे राहून पाहू. आत खाटेवर एक धर्मशील म्हातारा आहे. जन्मभर त्याने ह्या आठवड्यात खमीर पाहिले नाही. आता तो घरी जाऊ शकत नाही, आपले कपाट स्वतः झाडू शकत नाही, आणि शेजारच्या खाटेवरचा चुरा त्याच्या ताटात उडेल अशी त्यास धास्ती. आजारी माणसाने आपला धर्म दारात ठेवून आत यावे काय, असे त्याचे लोक विचारितात. दुसऱ्या खाटेवर एक बाई आहे, ती काही पाळीत नाही. किंवा ती अरब मुसलमान अथवा ख्रिस्ती आहे. तिला दोन दिवस अन्न गेले नाही, आणि मुलाने घरची भाकर आणिली ती पहारेकऱ्याने काढून घेतली. माझ्या पिशवीत हात घालण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला, असे तो मुलगा विचारितो. आम्ही हे दोघे रुग्ण कल्पनेने उभे केले आहेत; पण न्यायालयासमोर ज्या तक्रारी गेल्या त्या ह्याच जातीच्या होत्या. एक ऐहिक यहूदी मंडळ व अरबांच्या हक्कांसाठी झटणारी एक संस्था, दोघेही न्यायालयात गेले. एप्रिल २०२० त निकाल झाला. तिघांपैकी दोन न्यायाधीशांनी म्हटले की पहारेकऱ्यांस खमिरासाठी झडती घेण्याचा अधिकार नाही. तिसऱ्याचे मत विरुद्ध पडले.

पुढे इ. स. २०२२ च्या वल्हांडणापूर्वी आरोग्यमंत्र्यांनी हा निकाल पाळावा असे रुग्णालयांस लिहिले. त्या वेळी एकशेवीस सभासदांच्या क्नेसेटमध्ये सरकारच्या बाजूस फक्त एकसष्ट होते. त्यांतील इदित सिल्मन नावाच्या बाई, ज्या सरकारपक्षाच्या मुख्य प्रतोद होत्या, त्यांनी हेच कारण पुढे करून ता. ६ एप्रिल रोजी सरकारची बाजू सोडिली. सरकारचे बहुमत गेले, आणि वर्ष संपण्यापूर्वी नवी निवडणूक झाली. इतरही कारणे होती हे उघड आहे. मार्च २०२३ त नव्या क्नेसेटने कायदा करून रुग्णालयांच्या अधिकाऱ्यांस खमीर आत आणण्यावर बंदी किंवा मर्यादा घालण्याचा अधिकार दिला.

ह्याविषयी आमचे मत विचाराल तर, त्या म्हाताऱ्याचे दुःख आम्हांस खरे वाटते, आणि तरीही पहारेकरी त्याचा उपाय आहे असे वाटत नाही. हिज्कीयाने जासूद पाठविले ते पत्रे घेऊन. झोळ्या तपासण्यास नव्हे. त्यांची थट्टा झाली तरी त्याने शिपाई धाडिले नाहीत. कोणी म्हणेल की ह्याच राजाच्या दिवसांत मूर्ती फोडिल्या व उंच स्थाने पाडिली. खरे आहे, पुढच्याच अध्यायात ते आहे, आणि आम्ही ते लपवू इच्छीत नाही. पण वल्हांडणाच्या पंक्तीस त्याने कोणाला ओढून आणिले नाही, आणि आलेल्यास हाकलिलेही नाही. शिवाय मोशेच्या काळीही असाच प्रसंग आला होता. गणनेच्या नवव्या अध्यायात काही माणसे प्रेताच्या स्पर्शाने अशुद्ध झालेली मोशेकडे येऊन म्हणू लागली की आम्हांसच का वगळावे? मोशे थांबला व त्याने देवास विचारिले, आणि त्यांच्यासाठी एक महिन्यानंतरचा दुसरा दिवस नेमिला गेला. नियमातच ती जागा होती.

आणि जे काही पाळीत नाहीत, त्यांस वल्हांडण नकोसा झाला आहे काय? मुळीच नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन संस्थेने इ. स. २०१४ व १५ त इस्राएलात विचारपूस केली, तेव्हा शंभरांपैकी त्र्याण्णव यहूद्यांनी सांगितले की आम्ही मागील सणाच्या सेदेरास, म्हणजे पहिल्या रात्रीच्या विधिपूर्वक जेवणास, बसलो होतो. स्वतःस हिलोनी म्हणविणाऱ्यांतही हे प्रमाण शंभरांत सत्त्याऐंशी होते. घरी कोशेर पाळणारे मात्र सर्व मिळून शंभरांत त्रेसष्ट. किब्बुत्झ नावाच्या सामाईक शेतवाड्यांत जे लोक देव मानीत नसत त्यांनीसुद्धा आपापल्या हग्गादा, म्हणजे त्या रात्रीच्या वाचनाची पुस्तके, रचिली. त्यांत वसंत ऋतू, पेरणी, श्रम, आणि पुढे युरोपात मारल्या गेलेल्या आप्तांची आठवण आली.

जुन्या हग्गादेत चार मुलगे आहेत : एक शहाणा, एक दुष्ट, एक भोळा, आणि एक ज्यास प्रश्नच विचारता येत नाही तो. दुष्ट मुलगा विचारितो तो प्रश्न निर्गमातलाच आहे. पण तो आपणांस वगळून, हे सर्व तुमचे काय चालले आहे, अशा सुरात विचारितो. त्यास उत्तर कडक मिळते. तरीही तो बसला आहे कोठे? बापाच्याच ताटाशेजारी. त्याच्याशिवाय त्या रात्रीचे वाचन पुरे होत नाही.

खरी परीक्षा होते ती अशा जेवणाच्या वेळी. मुलगा शहरात राहून काही पाळीनासा झाला. वडील भाऊ हरेदी झाला. म्हातारी आई म्हणते, दोघांनी एकत्र बसावे. भावाने धाकट्याच्या भांड्यांतले खावे तर नियम मोडतो. सणाच्या दिवशी गाडीत बसणेही त्यास मना, म्हणून यावयाचे तर रात्रीच्या मुक्कामाने यावे लागते. कित्येक घरांत ह्यामुळे दोन सेदेर होतात आणि आई कोणत्या घरी जावे ह्या विवंचनेत पडते. इतर कित्येक घरांत धाकटा नव्या भांड्यांचा एक संच केवळ भावासाठी वेगळा ठेवितो. कोणी प्रमाणपत्राचे बांधीव अन्न आणून कागदी पत्रावळी मांडितात. आणि थोरला येतो, जेवतो, आणि बाकीच्या घरात काय शिजते हे विचारीत नाही. येथे कोणीही आपले मत सोडलेले नसते.

ह्या विषयाचा आपल्या महाराष्ट्राशीही खरा संबंध आहे. कोकणातील बेने इस्राएल लोक शतकानुशतके आपल्याच गावांत तेल गाळीत आले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. त्यांजपाशी ना शास्त्राचे पुस्तक होते, ना रब्बी. त्यांची परंपरा सांगते की दावीद रहाबी नावाचा एक यहूदी त्यांच्यात आला, आणि हे आपलेच लोक की काय ह्याची खातरी करण्यासाठी त्याने बायकांपुढे नाना प्रकारचे मासे ठेविले. त्यांनी पर व खवले नसलेले मासे बाजूस काढिले, तेव्हा त्याने त्यांस ओळखिले. वल्हांडणाची कथा ते विसरले होते, तरी त्या सुमारास 'अनाशी ढाकाचा सण' ते पाळीत. अनास म्हणजे आंबट कालवणाचे मडके, ते झाकून ठेवावयाचे. मिसर, फारो, मोशे ह्यांची नावे विसरली, आणि मडके झाकणे राहिले! एकोणिसाव्या शतकात मुंबईत डॉ. जॉन विल्सन व अमेरिकन मिशनरी ह्यांच्या शाळांत त्यांनी इब्री भाषा व मराठी जुना करार शिकून घेतला. नवा करार बहुतेकांनी नम्रपणे परत केला, आणि इ. स. १८४६ त मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापिली गेली. दुसरी पुण्यास इ. स. १८७४ त निघाली. पुढे ह्यांतील पुष्कळ जण इस्राएलात गेले, तेव्हा तेथील मुख्य रब्बींनी इ. स. १९६२ च्या सुमारास त्यांच्या लग्नाआधी कुळाची चौकशी करावी असे फर्माविले. ज्यांनी पुस्तकावाचून मडके झाकून ठेविले, त्यांस 'तुम्ही खरे कोण?' असे विचारिले गेले. त्यांनी निदर्शने केली, आणि इ. स. १९६४ त क्नेसेटने ते सर्व बाबतींत पूर्ण यहूदी असल्याचे ठरविले.

आता आपल्याविषयी थोडेसे. पेत्रास छतावर जो दृष्टांत झाला आणि कर्नेल्याच्या घरी तो जेवला, तेव्हापासून अन्नाने आपणांस देवाजवळ नेले किंवा दूर केले असे आपण मानीत नाही. प्रभूनेही मार्काच्या सातव्या अध्यायात हेच शिकविले. परंतु ह्या मोकळीकीचा उपयोग आपण काय करितो? बाप्तिस्मा घेऊन वर्ष झाले नाही तोच, जुन्या घरच्या वडील माणसांपुढे त्यांस किळस येईल ते मुद्दाम खाऊन दाखविणारे तरुण आमच्या पाहण्यात आहेत. न्यूयॉर्कातील त्या उपासाच्या दिवशीच्या मेजवान्यांहून हे निराळे नाही. पौल मोकळा होता, आणि भाऊ अडखळत असेल तर जन्मभर मांस सोडावयास तयार होता. उलट अंत्युखियात पेत्र कडक लोकांच्या भयाने परराष्ट्रीय भावांच्या पंक्तीतून उठला, तेव्हा त्याच पौलाने त्यास तोंडावर दोष दिला. एकीकडे सोडावे आणि दुसरीकडे सोडू नये, हे कसे? आम्हांस असे दिसते की पहिल्या प्रसंगी सोडल्याने भाऊ जवळ बसतो, दुसऱ्या प्रसंगी सोडल्याने भाऊ उठून जातो. उपदेशकांनी हे दोन्ही अध्याय एकाच रविवारी वाचून पाहावे. आणि ज्या घरी सून ख्रिस्ती व सासू जुन्या रीतीची आहे, तेथे सासूसाठी एक निराळे पातेले व तांब्या ठेवण्याने ख्रिस्ताचा काही अपमान होतो असे कोणी पाळकाने सांगू नये. करिंथकरांस पाचव्या अध्यायात पौलाने जुन्या खमिराविषयी लिहिले, तेथे तो पिठाविषयी बोलत नव्हता. दुष्टपणाविषयी बोलत होता. ते खमीर शोधावयाचे तर दिवा शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात नेऊन चालत नाही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. इ. स. १९४४ च्या वसंत ऋतूत जर्मनीतील बेर्गेन-बेल्झेन ह्या छावणीत हॉलंडातून आणिलेले पुष्कळ यहूदी कोंडलेले होते. वल्हांडण आला. बेखमीर भाकर मिळणे अशक्य. मिळत होता तो पावाचा लहानसा तुकडा, आणि तो टाकावा तर मरण जवळ. बंदिवानांत काही रब्बी होते. नियम लागू नाही असे त्यांनी सांगितले नाही, आणि उपाशी मरा असेही सांगितले नाही. त्यांनी पाव खाण्यापूर्वी म्हणावयाची एक लहान प्रार्थना लिहिली. तिचा आशय असा की, हे देवा, तुझी आज्ञा पाळावी हीच आमची इच्छा आहे हे तू जाणतोस, पण दास्यामुळे आम्हांस ती पाळता येत नाही. आणि तुझ्या आज्ञांनी जगावे ही तुझीच आज्ञा आहे, म्हणून आम्ही हे खमीर खातो. आम्हांस लवकर सोडीव, म्हणजे आम्ही पुन्हा तुझे नियम पाळू. शिजवलेल्या बटाट्यावर ज्यांचे भागेना असे लोक ही प्रार्थना म्हणून पाव खात. तो कागद वाचला. आज कित्येक घरी, धर्मशीलांच्या आणि ऐहिकांच्याही, सेदेराच्या रात्री बेखमीर भाकरीचे ताट पुढे ठेवून ती प्रार्थना वाचितात.